जमाखर्चाची एकच वही: ख्रिस्ती नवरा-बायकोने घरचा हिशेब मिळून कसा मांडावा

मी मेथी निवडत बसले होते आणि पोस्टमन सही घ्यायला दारात उभा राहिला. पाकीट ह्यांच्या नावाचे, एका पतसंस्थेकडून आलेले. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका मित्राने पिठाच्या गिरणीसाठी कर्ज काढले होते आणि हे त्याला जामीन राहिले होते. मित्राचे हप्ते थकले, आणि उरलेले ९६,००० रुपये संस्था आता आमच्याकडे मागत होती. सही करून वर्ष उलटले होते. मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा नोटीस टेबलावर होती. मी खूप बोलले. पण बोलता बोलता माझ्याच लक्षात येत होते की मीही त्याच वर्षभर शाळेतल्या बायकांबरोबर दोन हजारांची भिशी लावून बसले होते, धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी, आणि ती ह्यांना सांगितलेली नव्हती. रात्री उशिरा मी तेही सांगून टाकले. त्यानंतर आम्ही दर महिन्याला ४,००० रुपये भरत २४ महिन्यांत ते कर्ज फेडले. त्या दोन वर्षांत घरचा हिशेब मिळून मांडायला शिकलो. आज मंडळीतली नवी जोडपी विचारतात तेव्हा जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे प्रत्येक लग्नात ‘ती दोघे एकदेह होतील’ हे वचन वाचले जाते. पण कितीतरी घरांत नवऱ्याचा पगार नेमका किती हे बायकोला माहीत नसते, आणि बायकोच्या माहेरी किती जाते हे नवऱ्याला माहीत नसते. बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्ट आहे. शेत विकून आलेल्या पैशांतले काही त्यांनी गुपचूप मागे ठेवले. पेत्र हनन्याला सांगतो की शेत तुझेच होते आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते. गुन्हा झाला तो लपवल्याचा. म्हणून आमच्या घरात एक नियम आहे आणि पुढचे सगळे त्यातूनच येते: दोघांपैकी एकालाच ठाऊक आहे असा एकही रुपया घरात नको, मग तो मिळवलेला असो, दिलेला असो की देणे लागत असो.

पहिली बैठक: फक्त सांगायचे, ठरवायचे काही नाही

पगार ७ तारखेपर्यंत होत असेल तर दुसरा शनिवार धरा. मुले झोपल्यावर बसा. सासू-सासरे किंवा आईवडील घरात असतील तर त्यांच्यादेखत बसू नका. त्यांचा मान राखायचा आहे म्हणूनच. रविवारी उपासनेहून भुकेल्या पोटी घरी आल्यावर हा विषय काढू नये. दीड तास हाताशी असावा आणि टीव्ही बंद असावा.

सुरुवातीला प्रार्थना करा, पण छोटी. प्रार्थनेतून जोडीदाराला उपदेश करायचा मोह होतो, ‘प्रभू, ह्यांना काटकसरीची बुद्धी दे’ असे तोंडून निघून जाते. ते टाळा. आम्ही आळीपाळीने एकच वाक्य म्हणतो: जे आहे ते तुझे आहे, ते नीट सांभाळायला आम्हाला मदत कर.

मग सगळे कागद टेबलावर आणा. दोघांच्या पगाराच्या स्लिपा, पासबुके, क्रेडिट कार्डाची बिले, कर्जाचे कागद, विम्याच्या पॉलिसी, सोने गहाण असेल तर त्याची पावती. आणि ज्याचा कागद नसतो तेही: भिशी, उसने दिलेले, उसने घेतलेले, दुकानाची उधारी, कोणासाठी जामीन म्हणून केलेली सही. एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. ही युक्ती साधी आहे पण तिने आमचे घर सावरले. माझी भिशी ह्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली, त्यांचा जामीन मी लिहिला. हातात पेन असले की माणूस मध्येच तोडत नाही. ‘का केलेस?’ हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारायचा नाही. तो पुढच्या महिन्यासाठी राहू द्या, तोवर त्याची धार निम्मी झालेली असते.

जिथे एकटा नवरा कमावतो तिथे बायको म्हणते, ‘माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखे?’ तिच्याकडे बहुतेक वेळा तांदळाच्या डब्यात ठेवलेले काही हजार असतात. ते बाहेर काढताना तिला चोरी पकडली गेल्यासारखे वाटते. नवऱ्याने इथे मन मोठे करावे. ते पैसे तिने घरासाठीच, अडीनडीच्या भीतीने ठेवलेले असतात. नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री शेत पारखून ते विकत घेते. पैशाचा विचार करणे हे बायकोचे कामच नाही, असे म्हणणाऱ्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा.

एक महिना नुसते लिहा

लगेच अंदाजपत्रक करू नका. आधी एक महिना प्रत्येक खर्च लिहा. किराणा दुकानात मिळते तशी लांब वही घ्या आणि ती स्वयंपाकघरात सिलिंडरच्या वरच्या फळीवर किंवा जिथे दोघांचा हात पोचतो तिथे ठेवा. मोबाइलने दिलेले पैसे रात्री झोपण्यापूर्वी फोनमध्ये पाहून उतरवता येतात. रोख दिलेले त्याच वेळी लिहावे लागतात, नाहीतर विसरतात. मोबाइलचे ॲप वापरायला हरकत नाही, पण ते एकाच्याच फोनमध्ये राहते आणि हिशेब हळूहळू त्या एकाचाच होतो. वही दोघांची राहते.

पहिल्या महिन्यात आम्हाला कळले की उपासनेनंतर बाहेरच्या नाश्त्याला चौघांचे ४०० रुपये लागतात, म्हणजे महिन्याचे १,६००. मी ते पूर्ण बंद करायच्या बाजूने होते. हे म्हणाले, आठवड्यात तेवढाच एक वेळ आपण चौघे निवांत बसतो. त्यांचे बरोबर होते. आम्ही तो महिन्यातून दोनदा ठेवला. लिहिलेला प्रत्येक खर्च कापायचाच असतो असे नाही, हे तेव्हा समजले.

मांडणी

दुसऱ्या बैठकीत आकडे मांडायचे. आमचा गेल्या वर्षीचा एक महिना जसाच्या तसा देते. ह्यांचे हातात येणारे ३४,००० आणि माझे २२,०००, मिळून ५६,०००.

दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग, मंडळीला) ५,६००
दोन्हीकडच्या आईवडिलांना ५,०००
घराचा हप्ता १२,६००
किराणा, दूध, भाजी, मटण-मासळी, गॅस १२,०००
वीज, मोबाइल, सोसायटी ३,५००
मुलांची फी आणि शिकवणी ६,०००
पेट्रोल आणि बस ३,०००
विम्याचा महिन्याचा वाटा २,३००
वर्षाचा डबा ३,०००
दोघांचा हातखर्च, प्रत्येकी ५००, म्हणजे १,०००
बचत २,०००

बेरीज ५६,००० होते. बचत थोडी दिसते, आणि ती थोडीच आहे. घराचा हप्ता चालू असताना आणि मुले शिकत असताना आमच्यासारख्या घरात एवढीच होते. पुस्तकी टक्केवारीशी आपले आकडे ताडून कोणी खचू नये. मांडणीत महत्त्वाचे हे की महिना सुरू होण्यापूर्वी प्रत्येक रुपयाला नाव दिलेले असावे. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज करतो, हे येशूने लूकच्या १४ व्या अध्यायात सांगितले ते शिष्य होण्याची किंमत समजावताना, पण उदाहरण म्हणून त्याला हीच रोजची गोष्ट आठवली.

हातखर्चाबद्दल दोन शब्द. त्या ५०० रुपयांचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा नाही. हे माझ्या वरच्या नियमाच्या विरुद्ध वाटेल, पण रक्कम दोघांना माहीत आहे, फक्त तिचे काय केले ते विचारायचे नाही. घरी राहणाऱ्या बायकोलाही तेवढाच हातखर्च मिळाला पाहिजे. गजऱ्यासाठी, मैत्रिणीच्या चहासाठी हात पसरावा लागू नये.

दशमांशावरून होणारा वाद

ख्रिस्ती घरांत पैशावरून सर्वांत अवघड वाद इथे होतो, कारण इथे दोघेही देवाचे नाव घेऊन बोलतात. एक म्हणतो मलाखीच्या ३ ऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे, आधी दशमांश. दुसरी म्हणते मुलाची फी थकली आहे, देव काय फी थकवून अर्पण मागतो का?

मी जे पाहिले त्यावरून सांगते. दशमांशाचा आकडा दोघांच्या संमतीने ठरलेला असावा. पौल करिंथकरांना लिहितो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा देणे भाग पडते म्हणून नाही. एकाच्या दडपणाखाली दुसऱ्याने दिले तर ते त्या वचनात बसत नाही. दोघांचे दहा टक्क्यांवर जमत नसेल तर ज्या आकड्यावर जमते तिथून सुरू करा, तीन टक्के असोत की पाच, आणि दरवर्षी इस्टरनंतर पुन्हा बसून बघा. आम्ही जामिनाचे कर्ज फेडताना दोन वर्षे पाच टक्के दिले. मी पाळकसाहेबांना जाऊन तसे सांगितले, कारण मनाला लागत होते. त्यांनी वर्गणीच्या पुस्तकात आकडा बदलला आणि आमच्याबरोबर प्रार्थना केली. बस.

पगाराच्या पूर्ण आकड्याचा दशमांश काढावा की हातात येणाऱ्याचा, यावर पुष्कळ लोक तासन्‌तास बोलतात. शास्त्री-परूशी पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश मोजून देत आणि न्याय, दया, विश्वास सोडून देत, असे येशूने त्यांना सुनावले. कोणताही एक ठरवा आणि पुढे चला.

पण दोन गोष्टींना मी ठामपणे नाही म्हणते. एक, दशमांशासाठी उसने किंवा कार्डावर पैसे काढणे. दुसरी, जोडीदाराला न सांगता दिलेला दशमांश. काही भगिनी घरखर्चातून वाचवून गुपचूप पाकीट टाकतात. त्यांची भक्ती खरी असते, मी त्यांना दोष देत नाही. पण नवऱ्याला कळते तेव्हा त्याचा राग मंडळीवर निघतो, आणि मग तो उपासनेलाच येईनासा होतो. नवरा वेगळ्या श्रद्धेचा किंवा अजून विश्वासात न आलेला असेल तर आपल्या हातखर्चातले द्यावे. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, प्रभूने पाहिल्या, तुमचे पन्नासही तो पाहील.

आणि हल्ली फोनवरच्या संदेशांत, व्हिडिओत ‘बीज पेरा, शंभरपट मिळेल’ म्हणून खाते क्रमांक येतात. त्यांच्यासाठी आमचा नियम: ऐकलेल्या दिवशी काहीही पाठवायचे नाही, पुढच्या बैठकीत विचार करायचा. आजवर एकदाही पाठवावेसे वाटले नाही.

आईवडील

मार्कच्या ७ व्या अध्यायात येशू ‘कुर्बान’ या रूढीवर बोलतो. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले असे म्हणून हात झटकणाऱ्यांना तो दोषी ठरवतो. म्हणजे आईवडिलांना देणे हे दानपेटीपेक्षा खालच्या पायरीवर नाही. आकडा मात्र दोन्हीकडचा एकाच ओळीत, एकत्र लिहा. आमच्या पाच हजारांत साडेतीन सासरी जातात, कारण सासऱ्यांची साखरेची औषधे आहेत, आणि दीड माझ्या आईला. सारखे नाहीत, पण दोघांनी मिळून ठरवलेले आहेत. शिवाय सासरचे पैसे मी पाठवते आणि माझ्या आईला हे पाठवतात. आई आता पैसे मिळाल्याचा फोन जावयाला करते.

वर्षाचा डबा

महिन्याचे अंदाजपत्रक बहुतेक वेळा मोडते ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाने. आमची यादी अशी: नाताळ १५,०००, लग्ने-बाप्तिस्मे-दृढीकरणाचे आहेर ८,०००, जूनमध्ये गणवेश आणि वह्या-पुस्तके ७,०००, गाडीची सर्व्हिसिंग आणि घरातली दुरुस्ती ६,०००. एकूण ३६,०००, महिन्याला ३,०००. हे पैसे पगार झाल्याबरोबर वेगळ्या खात्यात जातात.

नाताळचे १५,००० नोव्हेंबरच्या बैठकीतच वाटून घ्यायचे. चौघांचे कपडे, फराळाचे सामान, केक, चांदणी आणि दिव्यांच्या माळा, मंडळीची नाताळ वर्गणी, कॅरल पार्टी घरी येते तेव्हाचा पाहुणचार आणि त्यांचे पाकीट. आमच्याकडे करंज्या-चकल्या तीन घरच्या बायका मिळून करतो, तेल आणि मैदा एकत्र आणतो, म्हणून खर्चही आवरतो आणि त्या तीन दुपारी मला नाताळइतक्याच आवडतात.

कारखान्यात काम करणाऱ्यांचा बोनस दिवाळीला येतो आणि आपला सण त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी. मधल्या दिवसांत बाजारातल्या सवलतींत तो संपून जातो. आम्ही बोनस आला त्याच रात्री त्याचे तीन भाग करतो: दशमांश, कर्जाची जादा परतफेड किंवा बचत, आणि नाताळ.

अजून एक खर्च कोणी धरत नाही. आमच्या नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगर भागात, हंगामाच्या सणाला लोक बाजरी, भोपळे, कोंबड्या, अंडी अर्पण म्हणून आणतात आणि मग मंडळीत त्यांचा लिलाव होतो. आनंदाचा प्रसंग असतो, लहान मुले टाळ्या वाजवतात, आणि एक नारळ बघता बघता हजारावर जातो. एका वर्षी ह्यांनी भावाशी चढाओढ करत एक भोपळा २,२०० ला घेतला. पैसे मंडळीच्याच कामाला गेले, म्हणून वाईट वाटले नाही. पण त्या महिन्याची भाजी मी कशी भागवली ते मलाच ठाऊक. आता आम्ही सणाला जाण्यापूर्वी दारातच आकडा ठरवतो, आणि बोली लावायचा मान मुलीला देतो. ती ठरलेल्या आकड्यापुढे एक रुपया जात नाही.

खाती किती असावीत

वर्षाच्या डब्याचे खाते सोडले तर तीन पुरतात. प्रत्येकाचे आपापले पगाराचे खाते, आणि एक जोडखाते. पगार झाला की दोघांनी आपला हातखर्च ठेवून बाकी सगळे जोडखात्यात टाकायचे. ‘तू वीज भर, मी किराणा भरतो’ अशी वाटणी सोपी वाटते, पण ज्याचा पगार कमी त्याच्यावर ओझे जास्त पडते आणि हिशेब कधीच एकत्र दिसत नाही.

जोडखाते उघडताना ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ हा पर्याय घ्या. दोघांच्याही सह्या लागतील असे खाते असेल तर एकजण आजारी पडला की पैसे अडकतात. दोघांच्या मोबाइलवर व्यवहाराचे संदेश येतील असे बँकेला सांगा. हिंदू शेजारी एकत्र कुटुंबाच्या नावाने वेगळे पॅन काढून कर वाचवतात ते आपल्याला लागू नाही. आणि नवऱ्याने बायकोच्या नावावर ठेव टाकली तरी त्या ठेवीचे व्याज कराच्या हिशेबात नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते.

कर्ज आणि जामीन

सगळी कर्जे व्याजाच्या दराप्रमाणे उतरत्या क्रमाने लिहा. क्रेडिट कार्ड बहुतेक वेळा सर्वांत वर येते. महिना साडेतीन टक्के हा दर ऐकायला लहान वाटतो. ४०,००० थकले तर महिन्याला १,४०० नुसते व्याज, म्हणजे वर्षाला १६,८०० च्या पुढे, आणि ‘किमान रक्कम’ भरत राहिलात तर मुद्दल वर्षानुवर्षे हलत नाही. अशा वेळी बचत थांबवा, अगदी भिशी मोडता येत असेल तर मोडा, आणि आधी कार्ड फेडा. सगळ्यांत महाग कर्ज फिटले की त्याचा हप्ता पुढच्या कर्जाला जोडा.

जामिनाबद्दल मला कळवळून सांगायचे आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये माणसे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात आणि भावाने मागितलेली सही नाकारणे कठीण जाते. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे काही लिहिले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पैसे देणारा आधी कर्जदारावर दावा लावायला बांधील नसतो, तो थेट तुमच्या पगारावर येऊ शकतो. नीतिसूत्रांत तर जामीन राहिलेल्याला सांगितले आहे की झोप घेऊ नकोस, जा, शेजाऱ्याची मनधरणी कर आणि स्वतःला सोडवून घे. ह्यांनी आता एक वाक्य पाठ केले आहे: ‘आम्ही दोघांनी ठरवले आहे की कोणालाच जामीन राहायचे नाही, पण पाच हजार मी आजच देतो, परत नाही केलेस तरी चालेल.’ मदत करायची तर आपल्याला झेपेल तेवढी, आणि दिलेले परत येणार नाही असे धरून. गिरणीवाल्या मित्राशी आमचे बोलणे आजही आहे, पण त्याला वेळ लागला.

अडीअडचणीचा साठा

आमच्या घराचा न टाळता येणारा खर्च महिन्याला ४०,००० च्या आसपास आहे. तीन महिन्यांचा साठा म्हणजे १,२०,०००, आणि दोन हजारांनी तो व्हायला पाच वर्षे लागतात. म्हणून पहिले लक्ष्य २०,००० ठेवा. ते दहा महिन्यांत होते, आणि अचानक दवाखाना निघाला तर तेवढ्याने पहिली धाव भागते. योसेफाने फरोला सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवायला सांगितले. आपल्याला पाचवा झेपत नसेल तर तिसावा, पण दर महिन्याला.

पैसे ठेवताना एक फरक ध्यानात ठेवा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्याही, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांना ते नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी म्हातारपणाची सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवलेली घरे मी पाहिली आहेत.

विमा आणि मृत्युपत्र

हा भाग बहुतेक जोडपी टाळतात. ‘असे अभद्र कशाला बोलायचे’ म्हणतात. पण दफनविधीला उभे राहून पुनरुत्थानाची आशा सांगणाऱ्यांना मरणाविषयी दोन ओळी लिहायला भीती का वाटावी?

साधा मुदतीचा विमा घ्या, ज्यात माणूस जगला तर काही परत मिळत नाही पण गेला तर घर उभे राहते. वार्षिक उत्पन्नाच्या दहा-पंधरा पट रक्कम धरतात. नवरा स्वतःचा विमा घेत असेल तर अर्जाच्या वेळीच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली तो घ्यायचा आहे असे सांगा. मग ती रक्कम बायको-मुलांचीच राहते, नवऱ्याच्या कर्जापोटी सावकार तिच्यावर हक्क सांगू शकत नाही. पॉलिसी निघाल्यावर हे जोडता येत नाही. मोठा विमा परवडत नसेल तर निदान बँकेतून पंतप्रधान जीवन ज्योती (वर्षाला ४३६ रुपये) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये) दोघांचेही सुरू करा. पहिल्यात मृत्यू झाला आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाला तर २ लाख मिळतात.

आता वारसाहक्क. महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता नवरा गेला आणि मागे बायको-मुले असतील तर बायकोला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश, मुलगा-मुलगी सारखे. बायको गेली तर नवऱ्याला हेच प्रमाण. पुष्कळांना धक्का बसतो तो पुढच्या गोष्टीचा: मुले असतील तर म्हाताऱ्या आईवडिलांना काहीच मिळत नाही. आणि मुले नसतील तर बायकोला अर्धेच, उरलेले अर्धे सासऱ्यांना, ते नसतील तर सासू आणि दीर-नणंदांत समान. मुले अज्ञान असताना घर विकायची वेळ आली तर त्यांच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी काढत बसावे लागते. गोव्यातले कायदे वेगळे आहेत, तिथे लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात.

म्हणून दोघांनी आपापले मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालते, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांसमोर सही करावी. ज्याला काही द्यायचे आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका, त्याला लिहिलेली देणगी रद्द होते. लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होते, हेही लक्षात असू द्या. बँकेत वारसदार (नॉमिनी) म्हणून नाव लावले म्हणजे पैसे त्याचे झाले असे नाही, तो ते खऱ्या वारसांसाठी ताब्यात घेतो. तरी नाव लावाच, पैसे हाती येणे सोपे होते.

बैठकीत भांडण झाले तर

होतेच. आमचा नियम असा की आवाज चढला की वही मिटायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उघडायची. ‘तुझ्या घरचे’ हे शब्द बैठकीत वापरायचे नाहीत. २,००० च्या वरची कोणतीही खरेदी दोघांच्या होकाराशिवाय नाही, आणि एकाचा नकार असेल तर एक महिना थांबायचे. तीन महिने तोच वाद फिरून येत असेल तर तिसऱ्या माणसाकडे जा, पण ते तुमचे आईवडील नसावेत. मंडळीतले एखादे वडीलधारे जोडपे शोधा, ज्यांनी स्वतः ओढाताण काढली आहे आणि जे ऐकलेले पोटात ठेवतात. आणि घरात व्यसन असेल, पैसे जबरदस्तीने काढून घेतले जात असतील, मारहाण होत असेल, तर ही बैठक त्यावरचा इलाज नाही. तिथे बायकोने आपले कागद, थोडे पैसे आणि एक विश्वासू माणूस आधी गाठावा, आणि तेव्हा माझा गुपिताविरुद्धचा नियम तिने बाजूला ठेवावा.

वहीत एक महिना मी लिहिते, एक महिना हे लिहितात. ज्याच्या हाती वही नसते तो महिन्याच्या शेवटी बेरीज तपासतो. अशा अकरा वह्या आता कपाटात आहेत. ३१ डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटच्या उपासनेला निघण्यापूर्वी आम्ही वर्षाची वही पहिल्या पानापासून वाचतो. दवाखान्याचे बिल येते, मुलीच्या परीक्षेची फी येते, कोणाला दिलेले पाचशे येतात, भोपळा येतो. वाचून झाले की उपकारस्तुतीच्या पाकिटावर आकडा लिहायचा, आणि त्या दिवशी वही ज्याच्याकडे नसते तो तो लिहितो. गेल्या डिसेंबरात माझी पाळी होती.